स्मरण आणि कृतज्ञता : शुश्रूषेच्या नेतृत्वाचे दोन आधार

घरातील एखादे वडीलधारे माणूस दीर्घकाळ अंथरुणाला खिळले की घराचा सारा क्रम बदलतो. औषधांच्या वेळा, पथ्याचे जेवण, तपासण्यांचे कागद, डॉक्टरांच्या भेटी, रात्रीची जागरणे या सर्वांची सूत्रे हळूहळू एका व्यक्तीच्या हाती येतात. कधी ती थोरली सून असते, कधी नुकताच निवृत्त झालेला मुलगा, तर कधी स्वतः पंचाहत्तरी ओलांडलेली पत्नी. या व्यक्तीला कोणी ‘नेता’ म्हणत नाही. परंतु कोणाला कधी बोलवायचे, कोणते लक्षण गंभीर मानायचे, कोणावर कोणते काम सोपवायचे आणि थकलेल्यांना कसे सावरायचे हे निर्णय तीच घेत असते. रुग्णालयाचे अधीक्षक किंवा अतिदक्षता विभागाच्या प्रमुख परिचारिका याहून वेगळे काय करतात?

म्हणूनच आरोग्यसेवेतील नेतृत्वाविषयी लिहिताना हा लेख मी मोठ्या पदांवरील मंडळींसाठी लिहीत नाही. तो तुमच्यासाठी आहे. तुम्ही शुश्रूषा करीत असाल किंवा कोणाकडून करवून घेत असाल, तरीही. या नेतृत्वाला दोन गुणांची फार गरज असते. आमच्या वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत त्यांना स्वतंत्र प्रकरण नव्हते. एक गुण स्मरणाचा आणि दुसरा कृतज्ञतेचा. हे दोन्ही शब्द आपण सहसा श्रद्धांजलीच्या सभेत किंवा सत्काराच्या भाषणात ऐकतो. प्रत्यक्षात ते रुग्णाच्या खाटेशेजारी, औषधांच्या डब्यापाशी आणि रात्री दोन वाजताच्या निर्णयात उपयोगी पडणारे गुण आहेत.

दुःखातून उभे राहिलेले रुग्णालय

मुंबईतील जुन्या रुग्णालयांत गेलात, तर भिंतींवरील संगमरवरी पाट्यांकडे एकदा पाहा. कोणी आईच्या स्मरणार्थ खाट दिलेली असते, कोणी पतीच्या स्मरणार्थ वॉर्ड बांधलेला असतो. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाशी जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या नावाने १९२६ साली सुरू झाले. त्यांच्या संपत्तीच्या विश्वस्तांनी देणगी देताना अट घातली होती, की येथील अध्यापक भारतीय असावेत. ज्या काळात वरच्या जागा इंग्रज डॉक्टरांसाठीच राखून ठेवलेल्या असत, त्या काळातील ही अट होती. एका दिवंगत व्यक्तीचे स्मरण असे पुढच्या पिढ्यांसाठी दार उघडून गेले.

तेथून हाकेच्या अंतरावर टाटा मेमोरियल रुग्णालय आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या कुटुंबाचा या वास्तूशी कधी ना कधी संबंध आला असेल. तिच्या नावातच ‘मेमोरियल’ म्हणजे स्मारक हा शब्द आहे. परंतु हे स्मारक कोणाचे, हे आपल्याला क्वचितच आठवते. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने, परदेशात उपचार घेत असताना निवर्तल्या. त्या काळात या आजारावर प्रभावी औषध नव्हते. दोराबजींनी पुढच्याच वर्षी, १९३२ साली, ल्युकेमियाच्या संशोधनासाठी पत्नीच्या नावे विश्वस्त निधी स्थापन केला. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचेही निधन झाले.

खरा धडा यापुढे आहे. ज्यांचे दुःख होते ते पती-पत्नी दोघेही गेले. रुग्णालय उभे राहिले नव्हते. अशा वेळी संकल्प कागदावरच विरून जाणे सोपे होते. परंतु मागे राहिलेल्या विश्वस्तांनी तो जपला आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला कर्करोगासाठीचे हे रुग्णालय सुरू झाले. पुढे १९५७ साली ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे आले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण आजही तेथे येतात. एका घरातील दुःखाने असा प्रश्न विचारला, की आमच्यानंतर याच वाटेने येणाऱ्यांचे काय? ज्यांच्या घरी ते दुःख घडले नव्हते, अशा माणसांनी त्याचे उत्तर दिले.

आपल्या घरात आपण रुग्णालय उभारू शकत नाही. परंतु दुःखाला असे वळण देता येते. वडिलांच्या वर्षश्राद्धाला खर्च करताना त्यांनी शेवटच्या सहा महिन्यांत वापरलेली व्हीलचेअर, हवेची गादी, वॉकर ही साधने स्वच्छ करून सोसायटीत किंवा गावात गरजूंना वापरायला ठेवणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. अशी गादी ज्या घरी जाते, तेथे एखाद्या आजींच्या पाठीला होणारी जखम टळते. स्मरणाचा याहून हितकारक उपयोग मला सुचत नाही.

चूक आठवणीत ठेवण्याचे धैर्य

सुखद गोष्टींचे स्मरण सोपे असते. नेतृत्वाची कसोटी लागते ती चुकीच्या स्मरणात. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स हे जगातील नामांकित रुग्णालयांपैकी एक. तेथे २००१ साली जोसी किंग ही दीड वर्षांची मुलगी गरम पाण्याने भाजल्यामुळे दाखल झाली. ती अतिदक्षता विभागातून बाहेर आली, जखमा भरू लागल्या, घरी जाण्याची चर्चा सुरू झाली. याच सुमारास तिच्या आईला एक गोष्ट खटकली. मुलगी पाण्यासाठी कासावीस होत होती, ओला कपडा मिळाला तरी चोखत होती. आईने हे पुन्हा पुन्हा सांगितले. शरीरातील पाणी कमी झाल्याची ती खूण होती. परंतु तिला पुरेसे गांभीर्य मिळाले नाही. त्यातच एक गुंगी आणणारे वेदनाशामक औषध दिले गेले आणि फेब्रुवारीत ती मुलगी दगावली.

रुग्णालयाने चूक मान्य केली. मुलीच्या आईवडिलांनी मिळालेल्या भरपाईचा काही भाग त्याच रुग्णालयाला रुग्णसुरक्षेच्या कामासाठी परत दिला. आई सॉरेल किंग त्यानंतर अनेक ठिकाणी डॉक्टर व परिचारिकांसमोर उभी राहून आपल्या मुलीची कहाणी सांगू लागली. रुग्णालयाच्या प्रमुखांनी हे प्रकरण दडवले असते, तर त्यांच्या प्रतिष्ठेला काही काळ धक्का लागला नसता. त्यांनी ते स्मरणात ठेवले, आणि रुग्णसुरक्षेच्या कामात त्या मुलीचे नाव जोडले गेले.

त्याच रुग्णालयातील डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी त्याच सुमारास मोठ्या रक्तवाहिनीत नळी घालताना पाळायच्या पाच साध्या गोष्टींची यादी रूढ केली : हात धुणे, त्वचा जंतुनाशकाने पुसणे, निर्जंतुक कपडे व आच्छादन वापरणे, शक्यतो जांघेतील शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. पुढे मिशिगन राज्यातील शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत ही पद्धत अमलात आली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार दीड वर्षात नळीमुळे होणारे रक्तातील जंतुसंसर्ग ६६ टक्क्यांपर्यंत घटले. या यादीत नवे औषध नव्हते, महाग यंत्र नव्हते. माणूस विसरतो, हे नम्रपणे मान्य करून केलेली ती स्मरणाची व्यवस्था होती. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाने तर जोसीच्या आईकडून प्रेरणा घेऊन २००५ साली अशी सोय केली, की रुग्णाची प्रकृती बिघडते आहे असे वाटल्यास नातेवाइकांनाही तातडीच्या पथकाला थेट बोलावता यावे.

यातून शुश्रूषा करणाऱ्याने एक गोष्ट मनाशी पक्की करावी. खाटेशेजारी चोवीस तास असणाऱ्या माणसाची नजर हा उपचाराचाच भाग आहे. ‘आज आई नेहमीसारखी नाही’ हे वाक्य माझ्या लेखी एखाद्या तपासणीच्या अहवालाइतकेच मोलाचे असते. वृद्धांमध्ये शरीरातील पाणी कमी होणे, लघवीचा जंतुसंसर्ग, रक्तातील साखर किंवा सोडियम उतरणे हे आजार पुष्कळदा ताप किंवा वेदना न दाखवता फक्त अचानक आलेल्या गोंधळातून, गुंगीतून किंवा चालताना जाणाऱ्या तोलातून प्रकट होतात. हा बदल ज्याला कालची स्थिती आठवते, त्यालाच दिसतो. असा बदल काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत झालेला असेल, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

एक वही, अनेक जीव वाचवणारी

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या कुटुंबांना मी एक साधी शंभर पानी वही करायला सांगतो. पहिल्या पानावर आजारांची नावे, रक्तगट, पूर्वीच्या शस्त्रक्रिया आणि ज्या औषधाची रिअॅक्शन आली होती त्याचे नाव लाल शाईने. दुसऱ्या पानावर सध्याची सर्व औषधे : गोळीचे नाव, मिलिग्रॅम, वेळ, कोणत्या डॉक्टरांनी कधी सुरू केली. आयुर्वेदिक काढे आणि दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही त्यात लिहाव्यात. कारण मूत्रपिंड आधीच नाजूक असेल, तर अशाच गोळ्या घात करतात. पुढील पानांवर तारीखवार नोंदी : रक्तदाब, साखर, वजन, शौच, झोप, पडझड. झोपेची गोळी बदलल्यावर बरळणे सुरू झाले, इन्शुलिन वाढवल्यावर पहाटे घाम फुटला, अशी निरीक्षणे त्यातच लिहावीत.

तुम्ही म्हणाल, हे सारे आम्हाला तोंडपाठ आहे. असेलही. परंतु ज्या रात्री रुग्णवाहिका दाराशी उभी असते, त्या रात्री तोंडपाठ असलेले आठवत नाही. आणि तुम्ही स्वतः आजारी पडलात, तर तुमच्या डोक्यातील माहिती दुसऱ्याच्या उपयोगी कशी पडणार? चांगला नेता आपल्या अनुपस्थितीतही काम चालेल अशी तजवीज करतो. ही वही म्हणजे ती तजवीज होय.

आभाराचे पत्र

आता कृतज्ञतेकडे वळू. बोस्टन शहरात केनेथ श्वार्ट्झ नावाचे वकील होते. त्यांचे कामच आरोग्यसेवेच्या कायद्याशी संबंधित होते. १९९४ साली त्यांना फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे निदान झाले आणि पुढील वर्षी सप्टेंबरात, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, ते गेले. मृत्यूपूर्वी दोन महिने त्यांनी एका वृत्तपत्राच्या पुरवणीत आपला अनुभव लिहिला. केमोथेरपीची मात्रा, यंत्रांची अचूकता यांपेक्षा त्या लेखात जागा मिळाली ती माणुसकीच्या लहान कृतींना. परिचारिकेने धरलेला हात, घाई असतानाही थांबून विचारलेला प्रश्न यांमुळे असह्य ते सह्य झाले, असे त्यांनी नोंदवले.

त्यांच्या इच्छेनुसार स्थापन झालेल्या संस्थेने १९९७ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात एक उपक्रम सुरू केला. ठरावीक दिवशी डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, समाजसेवक एकत्र बसतात आणि एखाद्या रुग्णाच्या सहवासात आपल्या मनावर काय परिणाम झाला, हे बोलतात. निदान व औषधांची चर्चा तेथे नसते. आज अनेक देशांतील शेकडो संस्थांत ही बैठक भरते. एका रुग्णाच्या कृतज्ञतेने काळजी घेणाऱ्यांचीही काळजी घेतली जावी, अशी सोय करून ठेवली.

अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातील जोनाथन बार्टल्स या परिचारकाने रुजवलेली रीतही सांगण्याजोगी आहे. तातडीच्या विभागात रुग्ण दगावला, की सारे जण हातमोजे काढून पुढच्या कामाला धावतात. बार्टल्स यांनी सहकाऱ्यांना जेमतेम मिनिटभर तेथेच स्तब्ध उभे राहण्याची विनंती केली. गेलेली व्यक्ती कोणाची तरी होती, तिचे आयुष्य होते, आणि या खोलीतील प्रत्येकाने तिच्यासाठी शर्थ केली, याची आठवण म्हणून. ही रीत नंतर इतर रुग्णालयांतही पसरली. बार्टल्स यांच्या हाती कोणतेही मोठे पद नव्हते, हे येथे लक्षात घ्यावे.

आपल्याकडे रुग्ण गेल्यावरचा पहिला तास बिल, दाखला आणि शववाहिका यांत जातो. हे अपरिहार्य आहे. परंतु पंधरा दिवसांनी, मन थोडे स्थिरावल्यावर, रुग्णालयाच्या अधीक्षकांना चार ओळींचे पत्र लिहिता येते. त्यात नावे लिहा. अंघोळ घालताना आजींची लाज राखणाऱ्या मावशी, रात्री तीन वाजता न चिडता बेडपॅन देणारा वॉर्डबॉय, चौथ्यांदा शीर शोधताना क्षमा मागणारी परिचारिका. डॉक्टरांचे आभार सर्वच मानतात. या माणसांची नावे वरिष्ठांपर्यंत सहसा तक्रारीच्या निमित्तानेच पोहोचतात. हातात नोट ठेवून केलेल्या चहापाण्यापेक्षा असे पत्र मोलाचे. पैशाची सवय लागली, की पुढच्या गरीब रुग्णाला तीच सेवा विकत घ्यावी लागते.

जिच्याकडे कोणी पाहत नाही

घरातील शुश्रूषेत कृतज्ञतेचा सर्वात मोठा तुटवडा कोठे असतो, हे तीस वर्षांच्या व्यवसायात मला दिसत आले आहे. तो असतो शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीच्या वाट्याला. एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा एक अविवाहित लेक चार वर्षे करीत होती. दोघे भाऊ दूर, एक परदेशात. पैसे वेळेवर येत. रोज रात्री फोनही येई. पण त्यात प्रश्नच अधिक असत. साखर का वाढली? फिजिओथेरपी का चुकली? दुसऱ्या डॉक्टरांना का दाखवले नाही? ती माझ्याकडे आईसाठी औषध लिहून घ्यायला आली असताना मी तिचा रक्तदाब मोजला. वरचा आकडा १८० होता. झोप तुटलेली, गुडघे सुजलेले, आणि विचारल्यावर एकच वाक्य : “डॉक्टर, मी आजारी पडून चालणार नाही.”

मी थोरल्या भावाला फोन केला. तो समंजस निघाला. महिनाभराने रजा काढून आला आणि बहिणीला पंधरा दिवस मावशीकडे पाठवून स्वतः आईपाशी राहिला. दर दोन तासांनी कूस बदलणे, इन्शुलिन टोचणे, भरवताना ठसका लागू नये म्हणून पाठ टेकवून बसवणे, मध्यरात्री चादर बदलणे हे सारे त्याने केले. परत जाण्यापूर्वी तो मला भेटायला आला. “ताईला मी चार वर्षे हिशेब विचारत होतो,” एवढेच तो म्हणाला. त्यानंतर त्याच्या फोनची सुरुवात बदलली. आईची साखर किती, याआधी तो विचारू लागला, “ताई, तू आज जेवलीस का?” दरवर्षी दोनदा येऊन पंधरा दिवसांची पाळी घ्यायची, असा नियम त्या घरात पडला. ताईचा रक्तदाब गोळीने आणि विश्रांतीने आटोक्यात आला.

कृतज्ञतेचे हे रूप मला सर्वात खरे वाटते. शब्दांनी आभार मानणे चांगलेच; पण भार वाटून घेणे हे आभाराचे अधिक सच्चे चलन आहे. दूर राहणाऱ्या मुलामुलींनी हा लेख वाचला, तर त्यांनी आजच एक पाळी ठरवावी. येणे शक्य नसेल, तर आठवड्यातून एक दिवस पगारी मदतनिसाची व्यवस्था करावी आणि तो दिवस पूर्णपणे शुश्रूषा करणाऱ्याचा असावा.

वडीलधाऱ्यांनाही एक विनंती. सुनेने किंवा मुलाने केलेली सेवा हे त्यांचे कर्तव्यच आहे, असे तुमच्या पिढीला वाटत आले आहे आणि घरच्यांचे आभार मानणे परकेपणाचे वाटते. मान्य. पण ‘आज भाकरी मऊ झाली होती’, ‘तू पाय चेपलेस आणि झोप लागली’ असे म्हणण्यात परकेपणा नाही. हे ऐकून दिवसभर राबलेल्या माणसाचा चेहरा उजळतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

कृतज्ञतेचा शरीराशी संबंध

रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्नायू व मज्जातंतूंचे विकार असलेल्या प्रौढांचा एक गट होता. त्यांच्यापैकी काहींनी २१ दिवस, रोज, ज्यांविषयी कृतज्ञ वाटते अशा गोष्टी लिहून काढल्या. न लिहिणाऱ्यांच्या तुलनेत त्यांची झोप अधिक व चांगली झाली आणि मन अधिक उल्हसित राहिले. त्यांचा आजार त्यामुळे गेला नाही, आणि तसा दावाही कोणी केला नाही. तेव्हा रात्री वहीत दोन ओळी लिहाव्यात. परंतु रक्तदाबाची गोळी घेऊनच.

येथे एक इशारा आवश्यक आहे. वृद्धापकाळातील नैराश्य हा आजार आहे. सतत उदासी, भूक व झोप जाणे, ‘मी ओझे झालो आहे’ असे बोलणे ही त्याची लक्षणे दोन आठवडे टिकली, तर डॉक्टरांना भेटावे. आणि जगणे नको, अशी भाषा निघाली, तर त्याच दिवशी भेटावे. अशा माणसाला “तुम्हाला काय कमी आहे? देवाने सर्व दिले आहे,” असे म्हणणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. कृतज्ञता सक्तीने उगवत नाही.

तसेच कृतज्ञता म्हणजे तक्रार गिळणे नव्हे. जोसीच्या आईने गप्प राहून आभार मानले असते, तर पुढच्या मुलांना संरक्षण मिळाले नसते. चुकीचे औषध दिले गेले, पाठीला जखम झाली, उद्धट वागणूक मिळाली, तर तारीख व वेळ लिहून शांतपणे आणि लेखी तक्रार करा. चांगल्या प्रमुखाला आभाराचे पत्र आणि तक्रारीचे पत्र दोन्ही हवी असतात.

आठवणी ऐकणे हीही शुश्रूषा

म्हातारी माणसे त्याच त्या गोष्टी सांगतात, अशी तक्रार घरोघरी असते. रॉबर्ट बटलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९६३ साली मांडले, की उतारवयात मागे वळून पाहणे हे बुद्धीच्या ऱ्हासाचे लक्षण मानू नये. आयुष्याचा हिशेब जुळवण्याची ती स्वाभाविक क्रिया आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी जुनी छायाचित्रे, गाणी, वस्तू यांच्या साहाय्याने आठवणी जागवण्याची पद्धत पुढे विकसित झाली. तिचा लाभ माफक असतो आणि सर्वांना सारखा होत नाही. तरी मनःस्थिती व संवाद यांवर काहींमध्ये चांगला परिणाम दिसतो.

मात्र आठवण जागवणे म्हणजे परीक्षा घेणे नव्हे. “ओळखा पाहू मी कोण?” हा प्रश्न स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला अपमानित करतो. त्याऐवजी, “आजी, मी तुमची नात. तुमच्या हातच्या पुरणपोळ्या खायला आले,” असे म्हणावे. जात्याचा खुंटा, नऊवारीचा काठ, गिरणीचा भोंगा, शाळेतील मास्तर अशा एखाद्या दुव्याने कधी कधी बंद कवाड किलकिले होते. नाही झाले, तरी शेजारी बसलेल्या माणसाचा स्पर्श कळतोच.

आणि कधी आठवण जड होते. जोडीदार गेल्यावर वर्ष उलटून गेले, तरी दिवसाचे प्रत्येक काम त्याच दुःखात अडकत असेल, जेवणखाण आणि माणसे नकोशी होत असतील, तर ते प्रेमाचे प्रमाण समजू नका. त्यावर उपचार आहेत आणि ते घेण्यात गेलेल्याचा विसर पडत नाही.

आजपासून करता येण्याजोगे

हे सर्व आचरणात आणण्यासाठी फार काही लागत नाही. नोंदवही आज सुरू करा आणि ती कोठे ठेवली आहे हे घरातील आणखी दोघांना दाखवून ठेवा. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळच्या चहाला म्हणा, सर्वांनी मिळून दहा मिनिटे बसा : या आठवड्यात काय चुकले, काय साधले, कोण थकले आहे? चूक सांगणाऱ्याला दोष देऊ नका. नाहीतर पुढच्या वेळी ती लपवली जाईल. घरी येणाऱ्या मदतनीस बाईंना नावाने हाक मारा, त्यांना साप्ताहिक सुट्टी द्या आणि त्यांच्या घरची चौकशी करा. शुश्रूषा करणाऱ्याचा रक्तदाब आणि साखर निदान सहा महिन्यांतून एकदा तपासा. वडीलधाऱ्यांची एक आठवण दर आठवड्याला मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. आवाज गेल्यावर छायाचित्रांपेक्षा त्याचीच ओढ अधिक लागते.

रुग्णालय असो वा तीन खोल्यांचे घर, माणसे मनापासून काम करतात ती आपले केलेले कोणाच्या तरी लक्षात राहते म्हणून. आज संध्याकाळी औषधांचा डबा उघडाल, तेव्हा तो रोज भरणाऱ्या माणसाला शेजारी बसवा आणि त्याचा चहा तुम्ही करा.